हॅना खाऊन निघाली का?

कमल,

तुझं घर त्या दिवशी माणसांनी भरलं होतं. जो तो डोळे पुसत होता, आणि मी खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीत बसून शेजारणीनं दिलेला गोडमिट्ट चहा पीत होते. तुझी सुजाता एकदा माझ्याकडं बघून गेली, दुसऱ्यांदा बघून गेली, शेवटी जवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "नसीममावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी म्हटलं, "हो बेटा, बरी आहे." पोरगी आणखीच घाबरली. तिला वाटलं, म्हातारीला धक्का बसला.

धक्का कसला डोंबलाचा! छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटत होतं मला. खोटं कशाला बोलू तुझ्याशी? घरी गेल्यावर रडले. परवा भाजीवाल्याकडं शेपू दिसला तेव्हा भर रस्त्यात रडले, कारण शेपूचं नाव काढलं की तू नाक मुरडायचीस आणि मी मुद्दाम शेपूच करून आणायचे. तो भाजीवाला बिचारा म्हणाला, "बाई, काल इतका महाग नव्हता, पण आज आवकच नाय." पण त्या रडण्याच्या खालीसुद्धा एक गारवा आहे. तू अर्धवट टाकून गेली नाहीस. एवढं एक मला माहीत होतं, आणि त्या भरल्या घरात ते फक्त मलाच माहीत होतं.

किती वर्षं झाली गं त्या गुरुवारांना? आपण दोघी एकाच शाळेतून निवृत्त झालो, तू मराठीची, मी भूगोलाची. शाळेत तुला सगळे गरीब गाय समजायचे. तू किती हेकट आहेस ते एकट्या मला ठाऊक होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी रोशन गेटहून रिक्षा करून उस्मानपुऱ्यात तुझ्याकडं आले, तर तू पंख्याखाली कागदांचा पसारा मांडून बसलेली. म्हणालीस, "मी कादंबरी लिहितेय."

"कशावर?"

"अमेरिकेत कापसाचे मळे होते ना, त्याच्यावर. तिथल्या गुलामांवर. ते त्यांचं यादवी युद्ध व्हायच्या आधीचं."

मला इतकं हसू आलं की चहा नाकातून बाहेर यायचा राहिला. "या अल्ला! कमल, तू मनमाडच्या पलीकडं गेली नाहीस गं!"

"आणि तू गेलीस? तरी पोरींना मिसिसिपी शिकवलीसच की जन्मभर."

तू जिंकल्यावर जसा चष्मा पुसायचीस तसा पुसत बसलीस. मग वाचायला लागलीस, आणि मी हसायचं विसरले. पहिल्याच पानावर ती हॅना होती. काळी, उंच, डाव्या हाताच्या बोटांवर बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी पडलेले चरे. मळ्यावर जन्मलेली, मालकाच्या मालमत्तेत बैल-घोड्यांबरोबर मोजलेली. त्या बोटांचं तू असं काही लिहिलं होतंस की मी नकळत माझी बोटं पदरात लपवली.

तेव्हापासून गुरुवार तुझा झाला. मी यायचे, तू वाचायचीस, मी भांडायचे. भूगोलाची मास्तरीण ना मी! तुझ्या मळ्यावर एकदा ज्वारीचं कणीस डोलत होतं, ते मी उपटून टाकलं. एकदा तुझ्या मुकादमाच्या डोक्यावर फेटा होता. एकदा हॅनाच्या खोपटाबाहेर तू चक्क तुळस लावलीस. मी म्हटलं, "कमल, तुझी ही हॅना वैजापूर तालुक्यातली आहे. खरं सांग, कुठल्या गावची?" तू लाल झालीस, तुळस काढलीस आणि दोन गुरुवार मला बिनसाखरेचा चहा दिलास.

पण हॅनाची लेक विकली जाते ते प्रकरण वाचलंस त्या दिवशी मी भांडले नाही. चार वर्षांची पोर. गाडीत बसवताना तिला वाटतं, आपण फिरायला चाललोय, आणि ती आईला हात हलवून दाखवते. मी हुंदके देऊन रडत होते आणि तू कागद खाली ठेवून म्हणालीस, "नसीम, रडू नको. रडलीस की तुला बरं वाटंल, अन् मला तुला बरं वाटू द्यायचं नाय." असं बोलणं! मैत्रिणीशी! पण तुझं खरंच होतं. रिक्षात बसल्यावर मला थोडं बरं वाटायला लागलं आणि त्याचीच चीड आली.

मग ते पहिल्या वेचणीचं प्रकरण आलं. तिथं आपलं खरं वाजलं.

तू लिहिलं होतंस की मळ्यावर कापूस फुटला, पहिल्या वेचणीचा दिवस उजाडला, आणि सगळ्या बाया शेताच्या बांधावर जमल्या. मालकीणबाई आली. तिनं पहिल्या झाडाच्या बुडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवला, झाडाला हात जोडले, आणि मग सगळ्यांना घास घास दहीभात वाटला.

मी उडालेच. "अगं सीतादही घातलंस तू अमेरिकेत!"

आपल्याकडं कापसाची वेचणी सुरू करायच्या दिवशी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, त्याला सीतादही म्हणतात, हे मला तुझ्याकडूनच कळलेलं. मी म्हटलं, "तिकडं कुठला दहीभात? काढ ते."

"नाय काढणार."

"तुळस काढलीस ना?"

"तुळस वेगळी. वेचणीचा पहिला दिवस, अन् कुणी दोन मिनिटं बसणार नाय, कुणाच्या तोंडात गोड घास पडणार नाय? असं कसं असंल?"

मग मात्र माझं डोकं तापलं. मी म्हटलं, दहीभाताचं एक वेळ सोड, पण तू त्या मळ्यावर सण आणतेयस. मालकीण देवीसारखी येते, वाटते, बाया हात पसरून खूश होतात. वाचणारा म्हणेल, बरं होतं की बाई त्यांचं, सणवार होते, मालकीण मायाळू होती. पोरगी विकून खाल्ली त्या बाईनं, आणि तू तिच्या हातात नैवेद्याचं ताट देतेस? शिवाय आपल्याकडची वेठ आणि त्यांची गुलामी एकाच मापानं मोजू नको. तिकडं माणूस जन्मायच्या आधीच विकलेला असायचा.

तू कागदांची चळत सरळ करून ठेवलीस. मग म्हणालीस, "मी कुठं म्हणते एकच माप? पण माझ्या आईला तो दिवस गोड वाटायचा, नसीम. त्याला मी काय करू?"

तुझ्या आईला, ती होती तेव्हा, मी कितीदा भेटलेली. मुकुंदवाडीच्या तुमच्या घरात ओट्यावर बसायची, मला 'भूगोलवाली' म्हणायची. ती पोरवयात वैजापूरकडच्या एका इनामदाराच्या शेतावर वेठीला होती हे मला ठाऊक होतं. दुष्काळात तुझ्या आजोबांनी तिला एका सालापुरती तिथं कामाला ठेवली आणि ते साल काही संपलंच नाही, एवढंही तू सांगितलं होतंस. पण सीतादहीचं त्या दिवशी पहिल्यांदा बोललीस.

त्या दिवशी पहाटेपासून बायापोरी बांधावर उभ्या राहायच्या. पोटात काही नसायचं, कारण पूजेच्या आधी खायचं नाही. पूजेच्या आधी बोंडाला हात लावायचा नाही. मालकीण आपल्या सवडीनं यायची, ऊन वर आल्यावर. पळसाचं पान ज्यानं त्यानं आपलं आपण आणायचं, आणि ते हातात धरून ओळीनं उभं राहायचं. ती दहीभात वरून टाकायची, हाताला हात लागू न देता. पण दही घट्ट असायचं, भात वाफेचा असायचा, आणि तुझी आई वर्षभर त्या घासाची वाट बघायची. म्हातारी होईपर्यंत सांगायची, "असा दहीभात पुन्यांदा कधी लागला नाय गं तोंडाला."

"तिची सगळ्यात गोड आठवण हीच," तू म्हणालीस, "अन् ती पण त्या इनामदाराच्या शेतावरची. मी ती कुठं ठेवू? तूच सांग."

मी छत्री उचलली आणि घरी निघून आले. नंतर कितीतरी गुरुवार आले नाही मी. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. दोघी एकापेक्षा एक नाठाळ!

शेवटी तूच रिक्षा करून माझ्या दारात. घाम पुसत, कागदांची पिशवी छातीशी धरून. "पाणी नको, आधी ऐक," म्हणून उंबऱ्यातच सुरू झालीस. दहीभात गेला होता. त्याच्या जागी मक्याची भाकरी आणि वरून काकवी आली होती. पण बाकी सगळं तसंच होतं, उलट जास्त होतं. हॅना पहाटेपासून उपाशी उभी. मालकीणबाईची प्रार्थना संपता संपत नाही. पानं आपली आपण आणलेली. भाकरी वरून पडते, आणि हॅनाला ती गोड लागते. लेकीला विकणाऱ्या बाईच्या हातची भाकरी गोड लागते, म्हणून हॅना स्वतःच्याच जिभेवर चिडते. ते ऐकून मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "आता बरोबर आहे." तू तिथंच उंबऱ्यात बसकण मारलीस आणि म्हणालीस, "मेले गं, आता पाणी दे."

मी एकदा विचारलंही होतं तुला, सरळ आईचंच का लिहीत नाहीस म्हणून. तू म्हणालीस, आईनं बजावून ठेवलंय. "माझं काय लिहू नको बाई. लोक मला बघाया येतील." मग तू तिला उचललंस आणि सात समुद्रापलीकडं नेऊन ठेवलंस, जिथं तिला बघायला कुणी जाणार नाही. तिथं गेल्यावर ती तुझी आई राहिली नाही, हॅनाच झाली, हेही खरं. पण बोटं आईचीच होती.

आणि तिथून पुढं तू अडकलीस. सगळी कादंबरी झाली, फक्त शेवट राहिला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी हॅना पळणार, हे ठरलेलं. सगळे बांधावर जमलेले असतात, मुकादम दारूच्या गुत्त्यात असतो, त्यातल्या त्यात तीच वेळ बरी. नदीच्या बाजूचा रस्ता मी तुला नकाशावर काढून दिला होता. हॅनाच्या हातात भाकरी पडते. आणि तिथं तुझी लेखणी थांबली ती थांबलीच. भाकरी खाऊन निघते की हातातली टाकून निघते?

कारण आई अशीच निघाली होती. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन महिना-दोन महिने झालेले, इनामदार तोंड लपवून बसलेला, आणि तरीही वेचणी लागली तशा बाया सवयीनं बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. सीतादहीच्या त्या दिवशी तुझी आई पंधरा-सोळा वर्षांची पोर, बांधावरून जी चालू लागली ती थेट रोटेगावच्या स्टेशनवर आणि तिथून गाडीनं औरंगाबादला. हे ती शंभरदा सांगायची. पण दहीभात खाल्ला होता का, हे विचारलं की हसायची आणि म्हणायची, "आता काय आठवतंय बाई." तुझी खात्री होती, नाही खाल्ला. पान तिथंच ठेवलं आणि निघाली. "माझी आई तिचं खाऊन निघणारी नव्हं," म्हणायचीस.

आणि मी म्हणायचे, खाऊनच गेली असणार. खाऊन जाऊ दे तिला, कमल. हॅनालाही खाऊन जाऊ दे. एवढ्या लांबचा रस्ता.

"तुला सगळ्यात आधी खाणं दिसतं. मानाचं काय?"

"मान उपाशी पोटी राहतो होय? तिनं पिकवलंय, तिनं वेचलंय. भाकरी तिचीच आहे. टाकून कशाला जाईल?"

"लोक म्हणतील, लाचार."

"लोक गेले खड्ड्यात."

असं किती गुरुवार! तू भाकरी टाकून जाण्याचा तोच शेवट लिहायचीस, वाचायचीस, मी नाक मुरडायचे, तू फाडायचीस. सुजाता स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, मावशी, एकदा काय ते ठरवा गं!" तिला गंमत वाटायची. तिला वाटायचं, आपण वेळ घालवतोय.

मी एवढी का अडून बसले होते, ते मात्र तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

ज्या दिवसांत तुझी आई मोकळी झाली त्याच दिवसांत माझी अम्मी आमच्या गावातून निघाली होती. माझा जन्म व्हायचा होता. माझा मोठा भाऊ तिच्या कडेवर होता. लष्कर आलं, राज्य बदललं, आणि लोकांच्या मनात किती वर्षांचं काय काय साठलेलं होतं ते नको त्या घरांवर निघालं. शेजारच्या पाटलीणबाईनं मागच्या दारानं येऊन सांगितलं, "आत्ताच्या आत्ता निघा." चुलीवर दाल-गोश्तची हंडी रटरटत होती. अम्मी ती तशीच सोडून निघाली. आमच्यातले सगळे वाचले, अल्लाचे उपकार. पण अम्मी शहरात येऊन, संसार थाटून, नातवंडं बघूनही ती हंडी विसरली नाही. जेवायला बसली की एकदा तरी म्हणायची, "हंडी चुल्हे पेच रह गई. बच्चे कू एक निवाला बी नई दी मैं." घर गेलं, जमीन गेली, त्याचं ती बोलायची नाही. पोराला न भरवलेल्या त्या एका निवाल्याचं बोलायची.

हे मी तुला कसं सांगणार होते, कमल? तुझ्या घरात पोलीस अ‍ॅक्शन हा शब्द काढला की तुझी आई हात जोडायची. त्यात वावगं काय होतं? तिचं आयुष्य तिथून सुरू झालं. तिच्या त्या आनंदात मी माझ्या अम्मीची हंडी आणून कशी ठेवणार? ठेवली असती तर तू मला मिठी मारली असतीस, हे आता कळतंय. तेव्हा भीती वाटली की तू हळहळशील आणि आईची ती गोष्ट सांगताना एकदा थबकशील. ते मला नको होतं. म्हणून मी नुसतीच हॅनाच्या भाकरीसाठी भांडत राहिले. कुणीतरी एकजण तरी पोटभर खाऊन निघू दे, एवढंच माझं म्हणणं होतं.

मग तुझं दुखणं आलं. पोटातच आलं मेलं. आधी तिखट बंद झालं, मग भाकरी बंद झाली, मग पेज. तुझ्या घरातल्या वाट्यांमधलं सगळं जसंच्या तसं परत स्वयंपाकघरात जायचं. सुजाता तुझ्या तोंडापाशी चमचा धरून बसायची आणि तू भिंतीकडं तोंड करायचीस. कागद उशाशी होते पण तू त्यांना हात लावत नव्हतीस. मी गुरुवारी येतच होते. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचायचे, आणि तू डोळे मिटून माझे उच्चार सुधारायचीस.

त्या शेवटच्या गुरुवारी मी डब्यात दहीभात आणला. काही ठरवून नाही, खरंच. तुला गार काहीतरी बरं वाटेल म्हणून. भात मऊ, गिजगा शिजवलेला, घरी विरजलेलं दही, मिठाची चिमूट. सुजाता नुकतीच औषधाच्या दुकानात गेलेली, घरात आपण दोघीच. भर दुपार, खालून भंगारवाला ओरडत चाललेला. मी डबा उघडला तर तू मान वळवलीस.

"फोडणी दिलीस का?"

"नाही. तुला चालत नाही."

"मग आणला कशाला?" पण ओठ हलले. "बघू."

मी चमचा पुढं केला. तू चमचा नको म्हणालीस. मग मी हातानंच एक घास केला, लहानसा, आणि तुझ्या तोंडात दिला. तू तो कितीतरी वेळ तोंडात घोळवलास. मला वाटलं आता थुंकशील, म्हणून मी हात पुढं धरला. तू गिळलास. आणि तोंड उघडलंस. आणखी एक. आणखी एक. मी बोलले तर तू थांबशील म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होते. डबा संपत आला तेव्हा तू माझं मनगट धरलंस, आणि माझ्या बोटांना लागलेलं दही बघत राहिलीस.

"नसीम," म्हणालीस, "खाऊन गेली गं ती."

"कोण? आई का हॅना?"

"व्हय." हे काय उत्तर झालं! मास्तरणीचं! मग म्हणालीस, "असं लागल्यावर कोण टाकून जाईल? घे, लिहून घे."

माझे हात दह्यानं बरबटलेले. ते पदराला पुसले आणि उशाचा कागद ओढला. तू डोळे मिटून सांगितलंस, मध्ये मध्ये थांबत, आणि 'स्वल्पविराम' असंही म्हणालीस एकदा. हॅनानं भाकरीचा तुकडा मोडला. घाई केली नाही. पानाला लागलेली काकवी बोटानं पुसून खाल्ली. पान खाली ठेवलं, हात झटकले, आणि निघाली.

"नदी?" मी विचारलं. "नदी ओलांडते ना?"

"पोट भरलंय तिचं. ओलांडंल की." आणि तू हसलीस. किती महिन्यांनी हसलीस! मग म्हणालीस, झोपते जरा. सुजाता आली तेव्हा तू गाढ झोपली होतीस. मी डबा पिशवीत टाकला आणि खुणेनं तिला गप्प राहा म्हटलं आणि निघाले. तुझी झोप मोडू नये म्हणून दारसुद्धा मुठीला धरून हळूच लावलं. सकाळी तिचा फोन आला.

म्हणून मी तो चहा पीत होते, कमल. म्हणून मला हलकं वाटत होतं. सगळ्यांना ठाऊक असेल असंच तेव्हा वाटत होतं; एकट्या मलाच ठाऊक आहे हे संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी तुझ्या नात्यातल्या बाया कडू घास घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, भात. तुमच्याकडं माती देऊन आल्यावर घरच्यांना तो घास खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत. सगळ्यांनी खाल्ला. सुजाता खाईना. तोंड घट्ट मिटून बसली. मोठ्या बायांनी समजावलं, दटावलं, एकीनं जबरदस्तीनं घास तोंडाशी नेला तर तिनं हात ढकलला आणि इतक्या वेळ मनात दाबलेलं सगळं बोलून गेली. "माझी आई उपाशी गेली. कितीक दिवस पोटात अन्नाचा कण नाही तिच्या. शेवटी उपाशी गेली ती, आणि मी जेवू? मला नाही घास उतरणार. आयुष्यात नाही उतरणार."

मला तिथं एकदम अम्मी दिसली, ताटापुढं बसलेली.

मी खुर्चीवरून उठले. गुडघे दुखत होते तरी पोरीसमोर जमिनीवर बसले. बायांनी जागा करून दिली. माझी पिशवी सोबतच होती, कालची तीच. त्यातून डबा काढला. घासायचा राहून गेला होता. झाकण उघडून तिच्या हातात दिला.

"हे बघ. काल तू औषधाला गेलीस ना, तेव्हा. दहीभात होता. माझ्या हातानं खाल्ला. मागून मागून खाल्ला."

ती डब्यात बघत राहिली. कडेला चार शितं वाळून चिकटली होती, बाकी डबा रिकामा. तिनं बोटानं एक शीत खरवडून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, लहानपणी खोटं पकडायला बघायची तसं.

"खरंच खाल्ला?"

"खाऊन गेली तुझी आई," मी म्हटलं, आणि पिठल्याला भाकरीचा तुकडा लावून तिच्यापुढं धरला. तिनं तोंड उघडलं.